हेडसरांच्या दाराची कुरकुर

आमच्या वहिनीला घरात एकटं सोडायची सोय नाही. तासाभरासाठी बाहेर जाऊन या, तेवढ्यात घरातली एखादी चांगली चालती वस्तू टेबलावरच्या जुन्या चादरीवर पसरलेली असते. तुकडे ओळीत लावलेले, स्क्रू वाटीत, आणि समोर वहिनी अशी तृप्त, जणू आत्ताच पोटभर जेवून उठलीय. मिक्सर तर तिने इतक्यांदा उघडलाय की त्याची लाजच गेली असेल. बरं, बिघडला होता म्हणावं तर तेही नाही. "बिघडला नव्हता हो वन्सं, पण आज जरा वेगळंच बोलत होता," असं मला सांगते. घ्या! माझा सख्खा भाऊ आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही आणि मिक्सर म्हणे बोलतो.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही. का ते विचारू नका, तुम्ही का केलंत ते मीही विचारत नाही. शाळेत भूगोल शिकवते आणि दादा, वहिनी आणि आई यांच्याबरोबर राहते. माझं तोंड फटकळ आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, कामधंदा नसतो.

वहिनी आधी एका कारखान्यात होती, यंत्रांच्या देखभालीला. पट्टे, पंप, बेअरिंग, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिची एक खास रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. कोणतं बेअरिंग दमलंय, कुठला नट सैल झालाय, ते तिला त्या मुठीतून ऐकू यायचं. मग एक दिवस कारखाना बंद पडला आणि ती घरी आली. सुरुवातीला तिला दुपारी डोळा लागायचा नाही. "फार शांत आहे हो इथे," म्हणायची. मी म्हटलं, अगं, लोक शांततेसाठी डोंगरावर जातात! तेव्हापासून तिने घर उघडायला घेतलं. पंखा, इस्त्री, शिवणयंत्र, आईचं गजराचं घड्याळ, काही म्हणून सुटलं नाही.

आणि एवढी ही यंत्रांची डॉक्टरीण, पण आमच्या अंगणाचं लोखंडी फाटक? ते असं किंचाळतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वळून बघतात. मी शंभरदा म्हटलं असेल, वहिनी, त्यात दोन थेंब तेल घाल. ती "हो, हो" म्हणते आणि विषय बदलते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तिला शाळेत आणली ती मीच. घर वाचवायचं होतं, दुसरा हेतू नव्हता. आमच्या हेडसरांना मी सांगितलं, की माझी वहिनी पोरांना यंत्रं शिकवील, पुस्तकातून नाही, हातातून. हेडसर म्हणजे उंच, सावकाश बोलणारे, आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी मागची अडगळीची खोली दिली आणि म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघू. जमलं तर वर्ग कायम. नाही जमलं तर खोलीत पुन्हा मोडकी बाकं ठेवू." पहिल्या दिवशी वहिनीला घामच फुटला होता. कपडे चुरगळलेले, कारण इस्त्री आदल्या दिवशीच खोलून ठेवलेली. मला म्हणाली, "वन्सं, हे गेलं तर मग मला दुसरं काही येत नाही हो." थट्टेच्या सुरात म्हणाली, पण ती थट्टा नव्हती.

पहिला तास मी खिडकीतून बघितला. आठवीची पोरं, समोर एक जुना पंखा घरघरत ठेवलेला. वहिनीने एकेकाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला, टोक मोटारीच्या मागच्या बाजूला टेकवायला लावलं आणि मूठ कानाला. "काय ऐकू येतंय?" कुणी म्हणालं समुद्र, कुणी म्हणालं आजोबांचं घोरणं. एक डावरा मुलगा होता, कायम काहीतरी सांडणारा. तो म्हणाला, "बाई, आत कुणीतरी खडीसाखर चावतंय." वहिनीने टाळीच वाजवली. पंखा बंद करून पोरांनी तो उघडला तर बेअरिंगमधली एक गोळी खरंच फुटलेली. त्या दिवसापासून तो डावरा शाळेला वेळेवर यायला लागला. त्याच्या आईलाही खरं वाटेना.

वहिनीचे नियम थोडेच होते, पण पक्के. एक, वर्गात तिचे हात पाठीमागे. पोरं कितीही चुकत असोत, पाना उलटा फिरवत असोत, ती हात लावायची नाही. तोंडाने विचारेल, भुवया उडवेल, पण हात मागे. मला पाठीमागून दिसायचं ना, बोटं नुसती वळवळत असायची बिचारीची. दुसरा नियम, जोडल्यावर एक जरी स्क्रू उरला तर वस्तू जोडली असं म्हणायचं नाही. आणि तिसरा, सगळ्यात मोठा: कुठलाही भाग काढण्याआधी विचारायचं, "हा इथे कशासाठी आहे?" उत्तर मिळेपर्यंत हात लावायचा नाही.

हा तिसरा नियम एका पोरीला फारच मानवला. तिला सगळी शाळा आधीपासूनच 'कशाला' म्हणून ओळखायची, कारण तिच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. नद्यांची नावं पाठ करा म्हटलं की कशाला. रांगेत उभी राहा, कशाला. माझ्या तासाला तिने मला नाकी नऊ आणले होते. वहिनीच्या वर्गात तोच तिचा गुण ठरला! मला जरा रागच आला त्याचा, खरं सांगते.

आता आमच्या शिक्षकखोलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हेडसरांच्या खोलीचं दार आणि आमची खोली एकाच लांब बोळात. त्या दाराची बिजागरी कुरकुरायची. साधीसुधी नाही, "कुर्रर्र-ईंईं" अशी, शेवटी वर चढत जाणारी. तो आवाज झाला की हेडसर निघाले. मग बोळ पार करून ते आमच्यापर्यंत यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात सगळं जागच्या जागी. व्यायामाचे सर, जे पोरांना गोड खाऊ नका म्हणून सांगतात, ते केकचा डबा कपाटात सरकवायचे. गाण्याच्या बाई हेडसरांची नक्कल करत असायच्या, त्या खुर्चीत बसून वही उघडायच्या. मी जागी व्हायचे. कितीतरी वर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं आणि हेडसरांना त्याचा पत्ता नाही अशी आमची पक्की समजूत होती.

आणि वहिनीच्या वर्गात घर्षणाचा धडा आला.

धडा म्हणजे काय, तर प्रत्येकाच्या हातात तेलाची बुधली आणि एक फडकं. "शाळेत जिथे जिथे काही कुरकुरतंय ते शोधा, का कुरकुरतंय ते बघा आणि दुरुस्त करा." पोरं सुटली! बाकं, खिडक्या, पाण्याच्या टाकीचा नळ, झाडूवाल्या मावशींच्या गाडीचं चाक. आणि शेवटी हेडसरांचं दार. हेडसर बाहेरगावी बैठकीला गेलेले. पोरांनी दार काढलं, बिजागऱ्या पुसल्या, वंगण भरलं, दार खाली झुकलंय म्हणून मध्ये वॉशर घातली, ढिले स्क्रू आवळले, दार पुन्हा बसवलं. एकही स्क्रू उरला नाही. बोटाने ढकललं तरी उघडावं आणि श्वासाएवढाही आवाज होऊ नये, असं ते दार झालं. वहिनी घरी आली ती फुलूनच. "वन्सं, काय सुंदर काम केलंय हो पोरांनी!" मी भाजी चिरत होते. मला कसली कल्पना.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी व्यायामाचे सर सापडले. तोंडात केक, मिशीला केक, समोर हेडसर. त्यांनी गिळायचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. हेडसरांनीच पाणी आणून दिलं, हे त्याहून वाईट. दुपारी गाण्याच्या बाई हात मागे बांधून, मान लांब करून, घसा खाकरत खोलीभर चालत होत्या. आम्ही हसत होतो. मग एकेक जण हसायचा थांबला. बाईंना वाटलं नक्कल जमत नाहीये, म्हणून त्यांनी आणखी जोरात घसा खाकरला. मागून हेडसर म्हणाले, "मी इतकं वाकून चालत नाही हो."

आणि तिसरी मी. मधल्या सुट्टीनंतरचा मोकळा तास, समोर टेबलावर पृथ्वीचा गोल, त्यावर कधी गाल टेकला गेला मला कळलंच नाही. जाग आली ती खांद्याशी कुणीतरी हळूच बोललं तेव्हा. "बाई, पृथ्वी थांबलीय. जरा फिरू द्या तिला." पोरांसमोर झालं असतं तर मी राजीनामाच दिला असता. गालावर एका समुद्राचा छाप घेऊन मी सातवीच्या वर्गावर गेले.

घरी येऊन मी जी सुरू झाले! "तुझ्या तेलाने माझं नाक कापलं! नोकरी मी मिळवून दिली तुला, आणि तू माझ्याच मुळावर उठलीस? कुणी सांगितलं होतं त्या दाराला हात लावायला?" "पण कुरकुरत होतं ना हो ते," एवढंच वहिनी म्हणाली. दादाने वर्तमानपत्र वर केलं. आईने आतून विचारलं, काय झालं गं. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी बोलणं सोडलं. शाळेतून यायचोही वेगवेगळ्या, ती आधी, मी मुद्दाम थांबून मागाहून.

शाळेत तर आगच लागली होती. सगळे शिक्षक एक झाले. एरवी आम्ही सहलीची जागा ठरवायलासुद्धा एक होत नाही. "शाळा आहे का गॅरेज?" "आज दार खोललं, उद्या छप्पर खोलतील!" सहामाही तोंडावर आली होती. सगळ्यांनी जाऊन हेडसरांना सांगितलं की यंत्रांचा वर्ग बंद करा, आणि शनिवारी बैठक ठरली.

त्या आठवड्यात घरातला मिक्सर शाबूत होता. पंखा, इस्त्री, घड्याळ, सगळं शाबूत. वहिनी संध्याकाळी नुसती बसून राहायची, हात मांडीवर. आईने मला बाजूला बोलावलं. आईचे डोळे गेल्यात जमा आहेत, तिला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण म्हणाली, "अगं, हिने काही उघडलं नाही कितीतरी दिवसांत. आजारी आहे का?" मला एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी राग आला.

बैठक हेडसरांच्याच खोलीत होती, वहिनी शेवटच्या खुर्चीवर बसली होती. सगळ्यांनी आपापलं गाऱ्हाणं मांडलं, पण गंमत अशी की खरं कारण कुणालाच सांगता येईना. दार वाजत नाही म्हणून आम्ही पकडले जातो, असं कोण म्हणणार? मग शिस्त, सुरक्षितता, तेलाचे डाग, असलं काहीबाही. हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्ग बंद व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." भराभर हात वर गेले. माझा वर गेला नाही. खालीही नीट राहिला नाही, डोकं खाजवायच्या निमित्ताने मध्येच अडकला.

हेडसर उठून दाराशी गेले आणि दार उघडून बंद केलं. आवाज शून्य.

"इथला आधीचा शिपाई एकदा तेल घेऊन आला होता," ते म्हणाले. "मी त्याला परत पाठवला. नंतरही कुणाला तेल घालू दिलं नाही. हे दार वाजलं की तुम्ही सगळे आपापले सरळ व्हायचात, ते मला बोळातून ऐकू यायचं. कपाटाचं दार, खुर्च्या, वह्या. मी मुद्दाम हळू चालायचो."

व्यायामाचे सर जमिनीकडे बघत होते.

"माझं अर्धं काम ते दार करत होतं. आता मला सगळं दिसतं, आणि दिसलं की बोलावं लागतं. मला बोलायचं नाहीये हो." मग ते वहिनीकडे वळले. "बाई, तेल घालणं कुणालाही येतं. तुमच्या पोरांनी माझी कुरकुर परत आणून दिली, पहिल्यासारखी, तर वर्ग राहील. सहामाहीच्या आधी. नाहीतर मग बाकं."

वहिनी उभी राहिली. मला वाटलं रडते की काय. पण तिच्या कपाळावर ती आठी पडली होती, मिक्सर वेगळं बोलायला लागला की पडते ती. "बघते," म्हणाली.

आता बघा माणसाची जात! ज्यांनी हात वर केले होते, तेच सोमवारपासून पोरांच्या मागे. "झालं का? वाजलं का?" कारण वर्ग बंद झाला तर कुरकुरही गेली, कायमची. व्यायामाचे सर दार धरून उभे राहायला तयार. गाण्याच्या बाई तर तासाच्या मधूनच उठून यायच्या आणि तो आवाज गळ्यातून काढून दाखवायच्या, "इथून सुरू व्हायचा आणि इथे चढायचा, ऐका." पोरं गंभीरपणे ऐकायची.

पण कुरकुर काढणं सोपं आणि आणणं महाकठीण, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पोरांनी रॉकेलने बिजागऱ्या धुतल्या. दार गप्प. आणखी धुतल्या, गप्पच. डावऱ्याने खडूची भुकटी टाकली तर दार शिंकल्यासारखं वाजलं. कुणीतरी वाळू टाकली, मग ते दात खाऊ लागलं. हेडसर आतून एकदा म्हणाले, "हे माझं दार नाही," आणि पुन्हा कामाला लागले. वहिनी मागे हात बांधून उभी. बोटं अशी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. तिने एकदा बिजागरीची पिन हातात घेतली असती तर काम झालं असतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण नाही म्हणजे नाही. माझा जीव नुसता खालीवर होत होता.

शेवटी ती पोरांना म्हणाली, "चला, तुम्हाला एक चांगली कुरकुर ऐकवते." आणि सगळा वर्ग आमच्या घरी! शाळा सुटलेली होती, म्हणून मीही मागोमाग गेले, थोडं अंतर ठेवून. आमचं अजून बोलणं नव्हतं ना.

सगळी आमच्या फाटकापाशी थांबली. वहिनीने डावऱ्याला फाटक ढकलायला लावलं. ते किंचाळलं. "आता ढकलताना जरा वर उचलून धर." त्याने उचललं, आणि फाटक चक्क गप्प! सोडलं, पुन्हा किंचाळलं. पोरांनी उचल-सोड, उचल-सोड करून नुसता उच्छाद मांडला. वहिनीने विचारलं, "काय कळलं?" डावरा म्हणाला, "कोरडं असून भागत नाही बाई. वजनही पडायला पाहिजे."

एवढ्यात घरातून आईचा आवाज आला. "कोण आहे गं? डावऱ्या हाताने ढकलतंय कुणीतरी."

पोरं चाटच पडली. डावरा आपल्या हाताकडे बघायला लागला. मग एकेकाने पाळी लावली. आई आतून सांगायची, "हे कुणीतरी हडकुळं आहे," "ही पोरगी भित्री दिसतेय," "हा तोच मघाचा, मला फसवतोय." पोरांना खेळच मिळाला. मी आपली कुंपणाशी उभी. इतकी वर्षं या घरात राहते, आई मला दारात पाऊल टाकायच्या आत हाक कशी मारते याचा मी कधी विचारच केला नव्हता. कान तिखट आहेत एवढंच म्हणायचे.

'कशाला' मात्र हसत नव्हती. ती वहिनीला म्हणाली, "बाई, म्हणून तुम्ही याला तेल घालत नाही?"

"हो. आईंना दिसत नाही ना. कोण आलं, कोण गेलं, त्यांना यावरून कळतं."

"मग हेडसरांचं दार कशासाठी वाजतं, ते आपण विचारलं होतं का?"

वहिनीने फाटकाच्या बिजागरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाही विचारलं. मी नियम केला तो भागांसाठी. आवाज हाही एक भाग असतो, हे घरात कळत होतं आणि शाळेत विसरले. माझं चुकलं." पोरांसमोर असं सरळ म्हणून टाकलं. मला नसतं जमलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते कुंपणाच्या धुळीवर ढकललं.

मग ती पोरगी स्वतःशीच पुटपुटायला लागली. "वजन पडायला पाहिजे... दार वर उचललं की आवाज बंद..." आणि एकदम ओरडली, "वॉशर! आपण वॉशर घातलीय! दार उचललं गेलंय!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्या बोळात. आम्ही शिक्षक आमच्या खोलीच्या दारात दाटीवाटीने. डावऱ्याने वॉशर काढली, 'कशाला'ने वरचा स्क्रू होता तितकाच ढिला केला. दार केसभर खाली बसलं. काढलेली वॉशर वहिनीसमोर धरून पोरगी म्हणाली, "बाई, हे उरलं. पण हे आपलंच होतं." वहिनीने मान हलवली.

पोरं बाजूला झाली. आतून हेडसरांनी दार ओढलं.

काही नाही. अर्धं उघडलं, काही नाही. आणि मग, "कुर्रर्र-ईंईं", तस्सं, शेवटी वर चढत जाणारं!

पुढे जे झालं त्याला माझा इलाज नाही. व्यायामाच्या सरांनी रिकाम्या हातांनी कपाट बंद केलं. गाण्याच्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. मी, जी पूर्ण जागी होते, मी दचकून जागी झाले. सगळी पोरं आमच्याकडे बघत होती आणि त्यांना सगळं कळलं. बोळभर जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. हेडसर दारात उभे होते, तेही हसत होते. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "वर्ग राहील," म्हणाले. "आणि बाई, शाळेतल्या बाकीच्या वस्तूंना हात लावण्याआधी मला एकदा विचारा. कुठे काय वाजतं ते मला माहीत आहे."

वहिनीचे हात अजून पाठीमागेच होते. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि मागून ते धरले. गार पडले होते अगदी. ती वळली नाही. फक्त म्हणाली, "वन्सं, तुमच्या बांगडीचा आवाज ओळखला मी."

संध्याकाळी आम्ही दोघी एकत्र घरी आलो. फाटक ढकललं, ते किंचाळलं. आत शिरायच्या आधीच आईने हाक दिली, "दोघी बरोबर आलात? मिटलं वाटतं भांडण."

"मिटलं," मी म्हटलं.

हातपाय धुऊन बाहेर येते तो टेबलावर जुनी चादर पसरलेली, वहिनी खाली मान घालून बसलेली आणि मिक्सरचं झाकण निघालेलं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ती देईल तो स्क्रू वाटीत टाकायला लागले. एक स्क्रू तिने वेगळा ठेवला. मी विचारलं, "हा कशासाठी आहे?"